दोन रिक्षा

"पेशंटबरोबर कोण? नाव सांगा," सिस्टर नीलमने विचारलं.

श्यामकांतने पलंगाशी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं आणि तो गडबडला. या माणसाबरोबर तो कित्येक वर्षं मुलुंडच्या त्याच एका टपरीवर रोज संध्याकाळी सिगारेट ओढत आला होता. क्रिकेटवर भांडून झालं, सरकारं पाडून झाली. छातीत कळ आली तेव्हा यानेच खांद्याला धरून इथे आणलं होतं. पण नाव? दोघं एकमेकांना बॉस म्हणत. बॉसला नाव असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"कुंडलिक जाधव," तो माणूस स्वतःच म्हणाला. "भाऊ लिहा."

सिस्टरने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. श्यामकांतला दुसरं कोणी नव्हतंच. लग्न केलं नाही, भावंडं नाहीत. दिवसभरात माणसासारखं बोलणं काय व्हायचं ते टपरीवर.

घरी सोडण्याआधी डॉक्टर येऊन गेले. "स्टेंट छान बसलाय. पण सिगारेट बंद. रक्ताच्या गुठळ्या होतात तिने, नळ्या आकसतात. आज सोडलीत तर वर्षभरात धोका निम्म्यावर येईल."

"कमी केली तर?"

"कमी नाही, बंद. ओढणाऱ्यांजवळ थांबायचंसुद्धा नाही. दुसऱ्याचा धूरही हृदयाला बाधतो."

श्यामकांतने मान डोलावली. सिगारेटचं त्याला फारसं काही वाटलं नाही. उद्या संध्याकाळी करायचं काय, हा विचार मात्र त्याच्या डोक्यातून जाईना. कुंडलिक खाली फरशीकडे बघत होता.

बाहेर आल्यावर कुंडलिकने रिक्षा थांबवली, श्यामकांतला हात धरून आत बसवलं, औषधांची पिशवी मांडीवर ठेवली आणि मागे सरकला.

"बस ना, बॉस."

"नको. मी दुसरी करून येतो मागून."

"का रे?"

कुंडलिकने शर्टाची कॉलर नाकाला लावून हुंगली. "सकाळपासून ओढतोय. डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना?"

"अरे येड्या, कपड्यांचं नाही म्हणाले ते!"

पण ऐकेल तर तो कुंडलिक कसला! त्याने मागच्या रिक्षाला हात केला होता. पुढे पेशंट आणि मागे भाऊ, अशी ती वरात निघाली. श्यामकांतला हसू आलं, पण शेजारची रिकामी सीट पाहून ते टिकलं नाही.

सिग्नलला दुसरी रिक्षा बाजूला येऊन थांबली. कुंडलिक पलीकडच्या टोकाला अंग चोरून बसला होता.

"उद्यापासून टपरीवर दिसायचं नाही," तो तिथूनच ओरडला. "आलास तर मी निघून जाणार. सांगून ठेवतो!"

श्यामकांत सीटच्या कडेला सरकला. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते त्याने विचारलं. "राहतोस कुठे रे तू?"

"तुझ्या मागच्याच बिल्डिंगमध्ये. तुझ्या किचनची लाईट दिसते ना मला."

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या आणि कुंडलिकची रिक्षा पुढे निघाली. त्याने बाहेर डोकं काढून मागे पाहिलं.

"रोज लावत जा!"