बिनगाठीचा टाका

"पोट उघडूनच करावं लागेल," ठाण्याहून आलेले मोठे डॉक्टर म्हणाले, आणि फागी खाटेवर ताडकन उठून बसली.

"नाय फाडू देनार."

मोठ्या डॉक्टरांनी वर्षालीकडे पाहिलं. जव्हारच्या या छोट्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करणारी ती एकटीच. कधीकाळी त्यांच्याच हाताखाली शिकलेली.

"दोनदा फाडलं," फागी म्हणाली. "पयल्यांदा पोर काढला. मेलेला निघाला. मंग भोक शिवाया फाडलं, त्याचे टाके सुटले. आता तिसऱ्यांदा नाय. त्यापरीस जाते घरी तशीच वाहत."

चार वर्षं ती वाहतच होती. अडलेल्या बाळंतपणात मूत्राशयाला भोक पडलं, तेव्हापासून लघवी थेंब थेंब गळत राहायची. खोडाळ्याच्या घरी तिचं अंथरूण पडवीत होतं, आणि लग्नाकार्याला तिला कोणी बोलवत नव्हतं.

"दुर्बिणीतून करते, सर," वर्षाली म्हणाली. "चार बारीक छेद, बास."

"आणि टाके? लांबलचक चिमट्यांनी, त्या खोल कोपऱ्यात एकेक गाठ मारत बसणार? तीन तासांनी हात थरथरेल आणि नेमकी तीच गाठ सुटेल."

"गाठ मारायचीच नाही."

"मग काय, क्लिपा? लघवीत धातू राहिला की त्यावर खडा धरतो. गोंद लावशील, तर ओल्या जागी त्याचा भरवसा नाही. हाताच्या गाठीला पर्याय नसतो, वर्षाली."

वर्षालीने खिशातून एक मुदत संपलेलं पाकीट काढलं, फोडलं आणि आतला दोरा सरांना न दाखवता फागीच्या हातात दिला.

फागीने तो दोन बोटांत धरून ओढला. एकीकडे सुळकन गेला. मागे ओढला तर कातडीला अडकला. तिने उजेडात धरून पाहिलं. दोऱ्याला नखाएवढेही नसलेले काटे होते.

"कुसळ हाय हा," ती म्हणाली. "गवतातनं चाललं का लुगड्यात शिरतो तसा. पुढंच जातो, मागं येत नाय."

"अगदी तसंच. ओढला की जागच्या जागी धरतो. काही महिन्यांनी आपोआप विरघळतो." वर्षाली थांबली. "पण पक्कं सांगत नाही, फागी. हाही सुटू शकतो."

"सुटला तर पुढचं फार अवघड होईल," मोठे डॉक्टर म्हणाले. "कळतंय ना तुला?"

"सुटला तर माझा सुटंल," फागी म्हणाली. "मागं फाडून सुटला, तवा कोन डाक्तर बसला व्हता माझ्या खाटंजवळ?"

मोठ्या डॉक्टरांनी तिच्या हातातला दोरा घेतला आणि स्वतः मागे ओढून पाहिला.

गुरुवारी तिला आत नेलं. पुढचं तिला नर्स जमुनानं सांगितलं. मोठे डॉक्टर ठाण्याला गेलेच नाहीत. हात मागे बांधून दुर्बिणीच्या पडद्यासमोर उभे राहिले. शेवटचा टाका ओढून झाल्यावर वर्षालीने गळती तपासायला मूत्राशयात निळं पाणी भरलं आणि सगळे खाली ठेवलेल्या कापसाच्या बोळ्याकडे बघत राहिले. बोळा पांढराच राहिला. "पुन्हा भर," मोठे डॉक्टर म्हणाले. पुन्हा भरलं. तरी पांढराच.

पंधराव्या दिवशी लघवीची नळी काढली. फागी मुद्दाम दोन तांबे पाणी प्यायली. उभी राहिली, मोठ्याने खोकली, उकिडवी बसली. पायाखालची चादर कोरडी होती. तासाभराने तिला लघवी लागली. चार वर्षांत पहिल्यांदा 'लागली'. जमुना म्हणाली, "पळ, पळ." ती पळाली नाही. मोरीपर्यंत एकेक पाऊल टाकत, सावकाश गेली.

दुपारी तिचा नवरा माघ्या तिला घ्यायला आला. खोडाळ्याच्या जीपवाल्या रघ्याने फागीला लांबूनच ओळखलं आणि सवयीप्रमाणे मागच्या फळीवर खताचं रिकामं पोतं अंथरायला घेतलं.

फागी पुढचं दार उघडून ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसली. चांगली मांडी घालून.

"अगं, पोता..." रघ्या म्हणाला.

"तुझ्या बुडाखाली घाल," फागी म्हणाली, "आन गाडी काढ."