राहून गेलेला पासवर्ड

“सर, तेवीस दिवस झाले, आपल्या डेटाबेसचा बॅकअप निघालेलाच नाही.”

रक्तपेढीच्या संगणक विभागातल्या मुलाणीबाईंनी शांतपणे सांगितलं आणि पेढीचे प्रमुख डॉक्टर उपासनींनी हातातली फाईल खाली ठेवली. सर्व्हर कायमचा बिघडला असता, तर या तेवीस दिवसांत नोंदलेल्या रक्तदात्यांची नावं, रक्तगट, फोन, सगळं गेलं असतं. तेवीस दिवसांपूर्वी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता तो डॉक्टरांनीच, कुणालाही न सांगता.

बॅकअपचा प्रोग्रॅम मात्र साठवलेला जुनाच पासवर्ड रोज देऊन अडत होता. बाईंनी तिथे नवा पासवर्ड घातला, ताजा बॅकअप काढला आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून यादी ताडून पाहिली. या गडबडीत जेवणाचा डबा उघडायचंही त्यांना सुचलं नाही.

संध्याकाळी अहवाल सहीला आला. डॉक्टरांनी धीर करून वाचला. ‘नवा पासवर्ड बॅकअपमध्ये भरायचा राहून गेला होता. आता भरला आहे.’ कुणाचंच नाव नव्हतं.

“माझं नाव का नाही लिहिलंत?” डॉक्टरांनी विचारलं.

“मीही महिन्यातून एकदाच तपासत होते, सर. रोज बघायला हवं होतं.”

डॉक्टरांनी पेन उघडलं. ‘चूक माझी. सापडली मुलाणीबाईंमुळे,’ असं लिहून खाली ठसठशीत सही केली.