भेगेवरची काच

“काच फुटली की निघू,” मास्तर म्हणाले. “त्याआधी एक पाऊलही नाही.”

मदतपथकाच्या प्रमुखांना सगळे अजून शेठच म्हणत. शेठनी भिंतीतल्या भेगेच्या दोन्ही काठांवर प्लास्टरचे गोळे दाबले, त्यांवर काचेची वीतभर लांब पट्टी आडवी बसवली आणि भिंतीवर पेन्सिलीने तारीख घातली. भेग केसभर रुंदावली तरी पट्टी तडकते. भूकंपाला चार दिवस झाले होते आणि जमीन अजून स्वस्थ नव्हती. पथकाचा नियम साधा होता. पट्टी फुटली, तर घर त्याच तासाला रिकामे करायचे. शाबूत असली, तर कुणावर सक्ती नाही.

इमारतीतले बाकीचे भाडेकरू पहिल्याच दिवशी गेले होते. राहिले होते ते दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर आणि त्यांच्या पत्नी, सगळ्यांच्या काकू. मास्तर बत्तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झाले होते. नियम त्यांना पसंत पडला.

शेठनी त्यांना दार दाखवले. परवापर्यंत सहज मिटणारे दार आता चौकटीत अडकत होते. ओट्यावर ठेवलेला कांदा आपणहून घरंगळत कोपऱ्यात जाऊन थांबला. सगळी इमारतच कलत असेल तर भेग रुंदावत नाही, पट्टीला काही कळत नाही, असे शेठनी परोपरीने समजावले. कल मोजणारी अभियंता उद्या दुपारी येणार होती. तोवर थांबणे त्यांना धोक्याचे वाटत होते.

“दार फुगतं आणि कांदा गोल असतो,” मास्तर म्हणाले. “याला पुरावा म्हणत नाहीत. नियम कुणी केला?”

“आम्हीच.”

“मग पाळा की.”

काकू हसल्या नाहीत. त्यांनी कांदा उचलला आणि पुन्हा ओट्यावर ठेवून पाहिला.

खिडकीतून रस्त्यापलीकडची इमारत दिसत होती. ती शेठनीच बांधलेली. त्यांच्या तीन नाइटक्लबांपैकी सर्वांत मोठा तिथे चालत असे. आता नाचाच्या लाकडी फरशीवर एकशे चाळीस माणसे गाद्या टाकून झोपत होती, मद्याच्या काउंटरवर औषधे मांडली होती आणि छताला टांगलेला आरशांचा गोळा काढायला कुणाला सवड झाली नव्हती. क्लब बंद करून, बांधकामाची कंपनी विकून शेठ मदतकार्यात उतरले, त्याला सहा वर्षे झाली होती. माणसे नाचवून झाली, आता वाचवायला निघालेत, अशी थट्टा लोक त्यांच्या तोंडावर करत. शेठही हसत. कारण मात्र त्यांनी कुणाला सांगितले नव्हते.

“समोर तुमच्यासाठी दोन खाटा ठेवल्यात, मास्तर. अगदी खिडकीजवळ.”

“त्या जागेवर पूर्वी सहा कुटुंबं राहायची,” मास्तर म्हणाले. “त्यांच्या रस्त्याकडच्या भिंतीलाही तुमच्या माणसांनी अशीच पट्टी लावली होती. फुटली, आणि गेली बिचारी निमूट. मीही निमूट जाईन. पण आधी फुटू दे.”

शेठचा अंगठा शेजारच्या बोटांवरून सरकत अनामिकेवर आला. तिथे आता अंगठी नव्हती. चाळा तेवढा उरला होता.

संध्याकाळी ते पुन्हा आले. मास्तर पाण्याच्या टँकरपाशी रांगेत होते, काकू आत भांडी घासत होत्या. पट्टी शाबूत होती. दार आता अर्धेही मिटत नव्हते.

शेठनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. एक किल्ली चिमटीत धरून ते पट्टीसमोर उभे राहिले. आत चाललेला भांड्यांचा आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी फुटलेली होती.

तडा भेगेच्या रेषेत नव्हता. कोपऱ्याजवळच्या एका बिंदूपासून तो किरणांसारखा चहूकडे पसरला होता. शेठ त्याच्याकडे पाहत राहिले. मास्तरांनी चष्मा पुसला, खालची तारीख वाचली आणि पुस्तके बांधायला घेतली. दहाच्या आत दोघे समोरच्या खाटांवर होते.

साडेअकराला जमीन हलली. आरशांचा गोळा किणकिणला. धुरळा खाली बसल्यावर खिडकीतून पाहिले, तर मास्तरांची इमारत मागच्या बाजूला जिन्यासकट कोसळली होती.

मास्तरांनी शेठचा हात हातात घेतला. “नियमानं वाचलो,” ते म्हणाले.

शेठना तो हात सोडवून घ्यावासा वाटला. ते काउंटरमागे गेले. तिथे काकू सगळ्यांच्या जेवणासाठी बटाटे सोलत बसल्या होत्या. त्यांच्याशेजारी बसून, खाली मान घालून, शेठनी सहा वर्षे मनात दाबलेले बोलून टाकले. या जागेवरच्या सहा कुटुंबांची पट्टी भिंतीने फोडली नव्हती, त्यांनी स्वतः अंगठीने फोडली होती. त्यांतली दोन कुटुंबे मग गावाबाहेरच्या एका कच्च्या इमारतीत राहायला गेली, आणि सहा वर्षांपूर्वीच्या भूकंपात ती इमारत पडली.

“तुमची मात्र मी नाही फोडली, काकू. किल्ली हातात होती. काल हात उचलला नाही, आणि उचलायला हवा होता. आता मास्तर माझे आभार मानतायत. त्यांना काय सांगू?”

काकूंनी हातातला बटाटा सोलून पाण्यात टाकला.

“काही सांगू नका,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तेव्हा अंगठी कशी मारलीत ते मी आमच्या खिडकीतून पाहिलं होतं. कोपऱ्याजवळ, एकदाच, हलक्या हातानं. तेव्हा मी गप्प बसले. आज सकाळी हे दाढी करत होते, तेवढ्यात मीही तशीच मारली. लाटण्याच्या टोकानं.”