कपाटातले पासपोर्ट

गुरुवारी दुपारी दीड वाजता वाल्दीर आखातातल्या त्या फुटबॉल क्लबच्या ऑफिसात शिरला आणि सरळ प्रल्हादच्या टेबलापाशी येऊन पासपोर्ट मागू लागला. ऑफिस दोनला बंद होणार होतं, ते शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपवून थेट रविवारी उघडायचं. वाल्दीरला शनिवारी लिस्बनला पोचून नव्या क्लबच्या करारावर सही करायची होती. त्याच रात्री तिकडची खेळाडूंची नोंदणी संपत होती.

वाल्दीर ब्राझीलचा. दोन मोसम त्याने या क्लबचा बचाव सांभाळला, त्यात पुढचे दोन दात घालवले. मग मंदी आली, क्लबला पोसणाऱ्या बिल्डरचे टॉवर अर्ध्यावर थांबले आणि क्लबने स्वस्तातला एक स्ट्रायकर आणला. परदेशी खेळाडू चारच नोंदवता येतात, म्हणून वाल्दीरचं नाव काढलं. नाव काढलं, पण माणूस सोडला नाही. स्ट्रायकरच्या गुडघ्याचा रिपोर्ट रविवारी यायचा होता, तोवर वाल्दीर हाताशी असलेला बरा, असं मॅनेजरने ठरवलं होतं.

नोकरी देणाऱ्याने कुणाचा पासपोर्ट ठेवून घेऊ नये, असा तिथला नियम. तरी क्लबच्या लोखंडी कपाटात चाळीसेक पासपोर्ट होते, आणि त्या कपाटाची चावी अ‍ॅडमिन सांभाळणाऱ्या प्रल्हादच्या खिशात होती. साहेबांना, म्हणजे मॅनेजरला, विचारल्याशिवाय उघडायचं नाही, एवढंच त्याला सांगितलेलं होतं. तेवढं त्याला पुरत असे.

साहेब आज आलेले नाहीत, फोन उचलत नाहीत, संडेला बघू, इन्शाल्ला, असं प्रल्हादने फाइलमध्ये बघत सांगितलं.

वाल्दीरने टेबलावरून हात घालून त्याची कॉलर धरली.

"मी तेहेतीस वर्षांचा आहे," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "अर्धा सीझन बसलो की खलास. मला परत कोणी घेणार नाही. उघड ते."

प्रल्हाद घाबरला. पण भीतीपेक्षा त्याला वाईट जास्त वाटलं. तो राहायचा त्या डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीतली सगळी मराठी मंडळी त्याला भला माणूस म्हणत, आणि हा त्याच्या अंगावर धावून येत होता. म्हणून त्याने वाल्दीरची समजूत घालायला घेतली.

"माझा पासपोर्टपण त्यातच आहे, माय फ्रेंड. नऊ वर्षं झाली. साहेब वाईट नाहीत. लास्ट इयर माझे फादर गेले, तर तिसऱ्या दिवशी काढून दिला त्यांनी."

फ्युनरल मिळालं का, असं वाल्दीरने विचारलं. ते आधीच उरकलं होतं, पण आपण दहाव्याला वेळेवर पोचलो, असं प्रल्हाद अगदी मनापासून म्हणाला. परत येताना पुण्याहून साहेबांसाठी बाकरवडीचा मोठा बॉक्स आणला होता, तेही त्याने सांगितलं.

इतका वेळ वाल्दीर मॅनेजरवर चिडला होता. आता त्याला समोरच्या माणसाचाच इतका संताप आला की त्याच्यावर हात उगारावासाही वाटेना. त्याने कॉलर सोडून दिली.

"उघड," तो म्हणाला. "आधी तुझा काढ."

प्रल्हादने कॉलर सारखी केली.

"माझा काढायचा तर साहेबांना विचारावं लागेल," तो म्हणाला.