पुढचं कडवं
चाळीस वर्षांत साठ सिनेमांना संगीत दिलेल्या कुरामोची सेन्सेईंना नव्या सिनेमातल्या भुताच्या प्रसंगासाठी अखेर मनासारखी चाल सापडली. ती बिवा या जुन्या जपानी तंतुवाद्यावर वाजवायला त्यांनी दक्षिणेच्या बेटावरून अंध ओतोसे आजींना क्योतोच्या स्टुडिओत बोलावलं आणि चाल गुणगुणून दाखवली. तिसऱ्याच ओळीला आजींनी तारांवरचा हात काढला. "ही तुम्हाला कुणी शिकवली?" "कुणी नाही. परवा न्हाताना सुचली." "सुचली म्हणे! आमच्या बेटावर मेलेल्या लेकराच्या शवपेटीपाशी आई हे गाते. एरवी कुणी ओठांवरही आणत नाही." दिग्दर्शक हसला. "मग बरंच झालं की, आजी! सिनेमा भुताचाच आहे. वाजवा!" कुरामोची हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, "तीन वर्षांचा असताना पटकीच्या साथीत मी गेलो असं समजून मला पेटीत ठेवलं होतं. खिळे ठोकायच्या आधी रडलो, असं मावशी सांगायची. गावाचं नाव मात्र तिने कधी सांगितलं नाही. या चालीचं पुढे काय होतं, आजी?" आजींनी बिवा बाजूला ठेवला. "पुढचं कडवं झाकण लागल्यावर गातात. तू ते ऐकलं नाहीस, म्हणून इथे बसलायस, बाळा." कुरामोचींनी चाल लिहिलेला कागद फाडला आणि त्या प्रसंगाला संगीतच दिलं नाही. पहिल्या खेळाला पडद्यावर भूत आलं, तेव्हा थिएटरात चिडीचूप झालं. कुरामोचींनी मात्र दोन्ही कान गच्च झाकून घेतले होते.