घाटाचं फाटक

घाटाच्या फाटकाने मंदाकिनीची जुनी पिकअप पुन्हा अडवली. "इंजिनात बिघाड. तोच कोड. पुन्हा आढळल्यास वाहन भंगारात जमा होईल," फाटक गोड आवाजात म्हणालं. बिनचालकाच्या गाड्या वरच्या वाडीला जातच नसत. तिथलं कुणी आजारी पडलं तर खाली आणायला ही एकच गाडी उरली होती.

"हवा मोजणारा सेन्सर दोनदा बदलला," तिचा नवरा सोपान म्हणाला. "आता सोडून दे."

"सेन्सर खरं सांगत असेल तर? हवा खरंच कुठूनतरी आत जात असेल."

तिने इंजिन चालू ठेवून एकेका रबरी नळीवर पाणी शिंपडलं. एका वळणावर पाणी पडताच इंजिनाचा आवाज बदलला. नळीच्या खालच्या बाजूला केसाएवढी चीर होती. गाडीत ठेवलेल्या जुन्या नळीचा तुकडा कापून तिने तिथे घट्ट बसवला.

"परत बिघाडाचा दिवा लागला तर गाडी कायमची जाईल," सोपान म्हणाला.

"माहितेय."

तिने पिकअप फाटकासमोर नेली. फाटकाने इंजिन तपासलं.

"बिघाड नाही. पुढे जा."

सोपानने हळूच विचारलं, "मी चालवू का?"

"आज नाही," मंदाकिनी म्हणाली आणि हसत हसत तिने गाडी घाटावर घातली.