एकोणऐंशीच्या पुढे

"सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी..."

गुड्डी थांबली. रिताने श्वास रोखून धरला.

"...साठ!"

"झालं कल्याण!" रिताने कपाळावर हात मारला. "एकोणऐंशीत ऐंशी लपून बसला हाय ना व, गुड्डे! अर्धं उत्तर तं त्यातच हाय. हा साठ कुठून आला?"

"आला," गुड्डी म्हणाली आणि पायाचा अंगठा चोळत बसली.

रिता नववीत होती. गेल्याच महिन्यात लाखांदूरला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला होता. तेव्हापासून आपल्याला न जमणारं काही जगात असेल, हे तिला पटतच नव्हतं. शेजारच्या पहिलीतल्या गुड्डीला शंभरपर्यंत मोजता येत नाही, एवढं तिच्या कानावर आलं आणि तिने अंगणात उभं राहून जाहीरच करून टाकलं, "मालनआजी, रविवारपर्यंत शंभर! माही गॅरंटी."

गुड्डीची आजी मालनबाई हातातलं काम टाकून उठली. "होते ना व पोरी? खरंच होते?"

कारण शंभराचा मामला साधा नव्हता. गुड्डीची आई दीपमाला म्हणजे मालनबाईची एकुलती एक लेक. ती थंडीत गावातल्या बायांसोबत तेलंगणात मिरची तोडायला गेली. बाकीच्या बाया होळीला परत आल्या. दीपमाला तिकडूनच दुसऱ्या कामावर गेली म्हणे. तिचा फोन आधी बंद यायचा. आता हा नंबर अस्तित्वातच नाही, असं फोनमधली बाई सांगते.

शाळेच्या पहिल्या दिवशी गुड्डीने आईसाठी रडून गाव डोक्यावर घेतलं. तेव्हा मालनबाईने रिकाम्या डब्यात शंभर चिंचोके मोजून भरले आणि डबा तिच्या मांडीवर ठेवला. "हे सारे मोजता आले ना, का येते तुही माय."

आता धानाची कापणी सुरू झाली होती, आणि गुड्डी अजून एकोणऐंशीवरच होती.

रिताने काय काय नाही केलं! सोमवारी खडूने चौकोन आखून उड्या मारायला लावल्या. मंगळवारी चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग केले. गुरुवारी तर सेवकरामभाऊच्या वीस बकऱ्यांचे पाय मोजायला नेलं. एकोणऐंशीवर गाडी अडली आणि शेवटची बकरी बिचारी तीन पायांवरच राहिली.

"माह्या बकरीले लंगडी करून ठेवली तुमी पोट्ट्यायनं," सेवकरामभाऊ हसला.

रोज संध्याकाळी शिकवणी संपली की गुड्डी एकेक चिंचोका डब्यात टाकायची. टाकताना तिचे ओठ हलायचे. शाळेतलं गाणं म्हणत असेल, असं रिताला वाटायचं.

मालनबाई तेव्हा दारात सूप घेऊन बसलेली असायची. हात तांदळावर, डोळे रस्त्यावर. सहाची एस.टी. फाट्यावर थांबली की सूपही थांबायचं. उतरलेली माणसं आपापल्या वाटेला लागली की ती आत वळून विचारायची, "कुठवर आलं व?"

"एकोणऐंशी!"

"म्हणजे थोडेच रायले." आणि सूप पुन्हा सुरू व्हायचं.

त्या आठवड्यात मालनबाईने दीपमालाची हिरवी साडी दोनदा धुऊन वाळत घातली. नातीसाठी किती जीव टाकते म्हातारी, असं रिताला वाटलं.

शनिवारी रात्री जेवताना रिताची आई म्हणाली, "अन् उद्या शंभर झाले, तं?"

"तं काय? जिंकलो!"

"सोमवारी दीपमाला येऊन राहिली का?"

रिताचा घास हातातच राहिला. तिने तो परत ताटात ठेवला.

"निघाली ना आता डोक्यातली हवा," आई म्हणाली. मग तिनेच हळूच तिच्या ताटात वरण वाढलं.

रविवारी रिता गेली ती वेगळाच बेत करून. गुड्डीने चिंचोके चटईवर ओतले. तिची नजर चुकवून रिताने त्यातला एक उचलला आणि मुठीत दाबला. आता राहिले नव्व्याण्णव. आता कितीही मोजा, शंभर व्हायचेच नाहीत.

"आज मोजायचं नाई, गुड्डे. आज चित्र काढू."

"काहून?"

"असंच. सुट्टी."

गुड्डीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पाटी ओढली. दोघींनी घर काढलं, घरापुढे वेलीवरचा दोडका काढला आणि तीन पायांची बकरी काढली. गुड्डी त्या बकरीला पाहून पोट धरून हसली. रितालाही बरं वाटलं. मूठ मात्र तिने उघडली नाही.

संध्याकाळ झाली. गुड्डी चिंचोके डब्यात टाकू लागली. एकेक. ओठ हलत होते. चटई रिकामी झाली. तिने डब्यात पाहिलं, चटई उचलून खाली पाहिलं, आणि मग सरळ रिताच्या मुठीकडे पाहिलं.

"ताई, एक तुह्यापाशी हाय."

रिताची मूठ आपोआप उघडली. चिंचोका घामाने ओला झाला होता.

"तुले... तुले कसं समजलं?"

फाट्यावर एस.टी. थांबली. दारातलं सूप थांबलं. गुड्डीने तिकडे एकवार पाहिलं, तळहातावरचा चिंचोका उचलला आणि आवाज न करता डब्यात ठेवला.

"शंभर," ती पुटपुटली.

एस.टी. निघून गेली. मालनबाईने आत वळून विचारलं, "कुठवर आलं व?"

"एकोणऐंशी!" गुड्डी ओरडली.

"थोडेच रायले," मालनबाई म्हणाली. सूप पुन्हा सुरू झालं.

गुड्डीने डब्याला झाकण लावलं आणि रिताच्या कानाशी तोंड नेलं.

"आजीले नको सांगू, ताई. तिले अजून वाटते, माय येते म्हणून."